काचनळी

आंधळगावच्या रस्त्यावरची राईस मिल,
रात्रीचे दोन, मे महिना.
बॉयलरपाशी कोणी ऊन मोजत नाही.
उसन्या धानाचा तो वास,
ओल्या गोणपाटासारखा, जरा आंबट,
माझ्या दप्तराला यायचा तोच.

बाबा तुसाचं फावडं भट्टीत रिकामं करतात
आणि काचनळीकडे बघतात.
फावडं, काचनळी. फावडं, काचनळी.
एकतीस वर्षं पाण्याची एक रेघ राखली आहे त्यांनी
खालच्या खुणेच्या वर,
वरच्या खुणेच्या खाली.

मी मोबाइल पुढे करते. हे माझं बॉयलर, बाबा.
तांब्याचा ठोकळा, काडेपेटीएवढा.
त्यात चाळीस नाल्या कोरलेल्या,
एकेक दोन केसांच्या रुंदीची.
खालून आच, आतून पाणी,
वरून सेकंदाला चार हजार फोटो.
"एवढ्याशात कोनाचा धान शिजते?"
धान नाही. मशीनचं डोकं थंड ठेवायचं.
"उकळून थंड?"
उकळूनच. वाफ होताना पाणी जेवढं उचलून नेतं
तेवढं नुसतं वाहताना नेत नाही.
ते मान डोलावतात.
त्यांच्या पाठीवर, भिजल्या बनियनखाली,
हेच चाललेलं असतं रात्रभर.

बुडबुडा गुळगुळीत तांब्यावर धरत नाही.
जिथे ओरखडा आहे,
जुनी हवा दडून बसली आहे, तिथे धरतो.
गंजात असता तर सुटला असता, वर गेला असता, फुटला असता.
इथे वर जायला जागाच नाही.
मग तो लांबतो, नालीभर होतो,
पुढे रेटतो तसा मागेही,
येणाऱ्या पाण्याला आल्या वाटेने परतवतो.
त्याच्या आणि तांब्याच्या मध्ये उरतो
पाण्याचा एक पापुद्रा.
जितका पातळ, तितकी जास्त उष्णता ओढणारा.
या फोटोत आहे.
पुढच्या फोटोत नाही.

सांगायचं नव्हतं ते सांगून टाकते:
ठोकळा जळाला. मार्चमध्ये. सोळावी नाली.
दीड वर्षाचं काम.
"पानी सरलं होतं?"
नाही. पंप चालू होता, पाणी होतं.
जी नाली जास्त तापली तिच्यात वाफ जास्त,
वाफ जास्त म्हणून अडथळा जास्त,
म्हणून पाणी तिला टाळून शेजारणींकडे गेलं.
बाबा फावडं टेकवतात.
"हे त तू तलावाच्या पाटाचंच सांगून रायली.
शेवटच्या बांधीले विचार."

सर म्हणतात, प्रत्येक नालीचं तोंड आवळा,
मग सगळ्यांना सारखं जाईल.
बाबांना हे एकदम पटतं.
"आमचा पाटकरी तेच करे. मोरीत गोटा ठेवे.
आन् शिव्या खाये."

मग ते गडव्यातलं पाणी बोटांनी
भट्टीच्या दारावर शिंपडतात.
चर्र होत नाही.
थेंब गोल होतो, लोखंडावरून धावतो,
टेकत नाही कुठेच.
"इतकं तापलं का मंग पानी शिवतच नाही."
उजेडात त्यांचा हात दिसतो,
कोपरापासून मनगटापर्यंत चकचकीत, बिनकेसांची कातडी.
त्या रात्री नळीत अर्धं पाणी दिसत होतं म्हणे.
कॉक गाळाने बुजलेला.
आत काहीच नव्हतं.
आई एवढंच सांगते. ते तेवढंही नाही.

आज मात्र पोत्यांवर आडवे होतात.
"तासाभरानं उठव.
नुसती नळी नोको पाहू. कॉक खोलून पाय.
पानी पडते, हे कोनीही पायते.
परत चढते का, ते पाय."

तीन वाजता मी कॉक उघडते.
पाणी फुसकन निघून जातं, नळी रिकामी होते.
बंद करते.
चार हजारांनी भागलेला सेकंद मला माहीत आहे,
हा तसला नाही.
काच कोरडी. एक.
मागे बाबांचं घोरणं थांबलेलं.
दोन.
खालून एक रेघ थरथरत येते,
थांबते,
चढते.